राहूद्याकाकांची भिंत

राहूद्याकाकांना कोणतीही गोष्ट टाकवत नसे. चहा अर्धा प्यायचे आणि उरलेला कप खिडकीत ठेवायचे. कोणी तो उचलायला गेले की म्हणायचे, "राहू द्या, मंग पितो." संध्याकाळपर्यंत त्या चहावर साय धरायची, सायीवर माशी बसायची, पण त्यांचे 'मंग' काही यायचे नाही. तुटक्या पट्ट्याची चप्पल, गेल्या वर्षाच्या कॅलेंडरचा पुठ्ठा, दांडी मोडलेला चष्मा, तंबाखूची रिकामी डबी, सगळ्यांना त्यांचे एकच उत्तर होते. खरे नाव किसनराव. राजापेठेतल्या आमच्या छापखान्यात ते मुख्य जुळारी होते. तिथे त्यांना नेहमी किसनराव म्हणणारा एकच माणूस मला आठवतो, तो म्हणजे पोस्टमन.

ज्यांनी खिळ्यांचा छापखाना पाहिला नाही त्यांना थोडे सांगायला हवे. प्रत्येक अक्षर म्हणजे शिशाचा एक खिळा. जुळारी खणांतून एकेक खिळा उचलून ओळ जुळवतो, ओळींचे पान करतो आणि पानाला दोऱ्याने बांधतो. छपाई झाली की दोरा सोडून खिळे पुन्हा आपापल्या घरात टाकायचे. ते टाकल्याशिवाय पुढचे पान जुळवता येत नाही, कारण खिळे मोजकेच असतात. पुन्हा लागेल असे पान तेवढे न सोडता कागदात गुंडाळून ठेवतात. त्याला आम्ही उभा मजकूर म्हणत असू. तो कोणत्याही छापखान्यात थोडाफार असतो. आमच्याकडे काकांच्या कृपेने तो सगळीकडे होता. फळ्यांवर, पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनखाली, जिन्याच्या पायऱ्यांवर, आणि मागच्या खोलीत तर जमिनीपासून माणसाच्या डोक्यावर जाईल इतका. बाहेर नव्या कामाला खिळे पुरत नसत आणि आत शिशाचे ढीग झोपलेले असत.

अमरावतीच्या जुन्या छापखानेवाल्यांत काकांबद्दल एक गोष्ट अजून सांगितली जाते. राहूद्याने विकण्यासाठी शिसे दडवले आणि त्यात एका मास्तरांचे जन्मभराचे पुस्तक बुडवले, अशी ती गोष्ट. ती सांगणारे आता दोन-चारच उरले आहेत. ती खोटी आहे हे माहीत असलेला मी एकटा उरलो आहे, म्हणून हे लिहितो.

लग्नपत्रिका छापून झाली तरी काका ती सोडत नसत. "त्याले धाकटी पोरगी हाय ना अजून. नाव बदललं का झालं." एका कापूस व्यापाऱ्याच्या बाबतीत खरोखरच तसे झाले. धाकटीचे लग्न ठरले. काकांनी मोठ्या ऐटीत पुडा काढला, मुलीचे नाव बदलले, तारीख बदलली आणि नवऱ्या मुलाचे नाव तसेच राहू दिले. पत्रिका गावभर वाटल्या गेल्या. तो गृहस्थ छापखान्यात येऊन ओरडला, "अहो, दोन्ही पोरी एकाच जावयाले देऊन राहिलो का मी?" छापखान्याचे मालक म्हणून माझ्या बाबांनी हात जोडले, पत्रिका पुन्हा छापून दिल्या. काका शांतपणे म्हणाले, "मोठा जावई लई चांगला हाय म्हणत होते ना मांगं." बाबा कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. आणि तो पुडा? व्यापाऱ्याला अजून लहान, तिसरी मुलगी होती. पुडा तसाच राहिला.

तेरवीच्या कार्डाच्या शेवटच्या ओळी तर ते कधीच सोडत नसत. "हे रोजचंच हाय," म्हणत. कोणी डोळे पुसत आत आले की त्याला बसायला सांगण्याआधी त्यांचा हात त्या पुड्याकडे गेलेला असे. मला ते तेव्हा क्रूर वाटायचे. पण एकदा एक म्हातारी नवऱ्याचे कार्ड सांगायला एकटीच आली होती. तिला काय लिहायचे ते सुचेना. काकांनी तो पुडा उघडून तिच्यासमोर ठेवला, शिशावर बोट फिरवत उलट्या ओळी सुलट वाचून दाखवल्या आणि म्हणाले, "माय, हे पाय, तुया आधी लई लोकाईनं असंच लिवलं हाय. तूही एकली नाईस." ती हो म्हणाली आणि कार्ड झाले.

पुढे सरकारे बदलू लागली. वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. कोर्टाचे, ग्रामपंचायतीचे, बाजाराचे छापील फॉर्म म्हणजे आमचा रोजचा घास. त्या सगळ्यांचे मथळे बदलले, मागोमाग आणे जाऊन नवे पैसे आले, रकाने बदलले. जुने फॉर्म सोडून द्यायला हवे होते. काकांनी ते कागदात गुंडाळून मागच्या खोलीत भिंतीसारखे रचले. "सरकार आज इकडं, उद्या तिकडं. परवा परत आलं तं? आणे पण येतीन, पाहा." बाबा हसून म्हणाले, "किसन, इंग्रजही परत येतील म्हणून राजाच्या मुकुटाचा ठसा ठेवला आहेस का रे?" काका खाली मान घालून पुटपुटले, "एक हाय."

आता मास्तरांविषयी. भातकुलीकडच्या एका खेड्यात ते शाळा चालवत. आम्ही त्यांना नुसते मास्तर म्हणायचो. उंच, वाकलेले, धोतर गुडघ्यापर्यंत मळलेले, कारण सुट्टीचा प्रत्येक दिवस ते गावोगाव पायी हिंडत आणि शेतांची नावे गोळा करत. आमच्याकडे प्रत्येक वावराला नाव असे. सुनेचं वावर, उपाशी, नवरीची पट्टी, न्हाव्याचं कपाळ. नाव कोणी ठेवले, का ठेवले, त्यामागे कोणाचे भांडण, कोणाचे मरण, कोणाची थट्टा, हे ते म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून घेत. सासऱ्याने हयात मुलांना वगळून विधवा सुनेला दिले ते सुनेचं वावर. काही उगवत नाही ते न्हाव्याचं कपाळ. "सरकारच्या कागदावर वावराले नंबर हाय," मास्तर म्हणायचे, "पण नंबरले आवाज देता येते का?"

मास्तर मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहून आणत. काका ते जुळवत, प्रूफ काढत, मास्तर प्रूफ तपासत. मास्तरांच्या घरी उधईने, म्हणजे वाळवीने, एक पेटी आधीच फस्त केली होती, म्हणून त्यांना कागद परत नकोच असायचे. काका तर म्हणायचे, "कागदाले उधई लागते, उंदीर लागते, आग लागते. शिशाले काय लागते?" जुळवून झालेली हस्तलिखिते रोलरांचा सरस वितळवायच्या शेगडीत गेली. तपासलेली प्रुफे त्याच पानांच्या पुड्यांना गुंडाळली गेली. म्हणजे पुस्तक जे काही होते ते त्या पुड्यांतच होते, जगात दुसरीकडे कुठेही नव्हते. ते छापले का नाही, असे कोणी विचारेल. मास्तरांचे दर वेळी एक गाव राहिलेले असे. "एक गाव झालं का लावू मशीनवर." काकांनाही ते पटे. संपवायची घाई दोघांनाही नव्हती.

त्या पुस्तकात एक वावर काकांच्या वडिलांचे होते. खारीचं वावर. ते भावकीत गेले होते आणि काका पुन्हा त्या गावी गेले नव्हते. ते पान त्यांनी इतर कोणाला जुळवू दिले नाही. कधी कधी फळीवरचा तो पुडा थोपटून मला म्हणायचे, "बाबू, आमचं वावर आता इथं हाय." मी हसायचो.

बाबांना अर्धांगवायू झाला आणि छापखाना माझ्याकडे आला. मी कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला. आल्या आल्या काहीतरी करून दाखवायचे होते. नागपूरहून एक जुने पण मोठे सिलिंडर मशीन ठरवले. मुंबईच्या एका फाउंड्रीकडे, म्हणजे खिळे ओतणाऱ्या कारखान्याकडे, नव्या वळणाचे खिळे मागवले. फाउंड्री जुने शिसे वजनावर घेऊन त्याच्या बदल्यात नवे खिळे देणार होती. मशीन बसवायला मागची खोली हवी होती आणि खिळ्यांसाठी शिसे हवे होते. दोन्ही गोष्टी काकांच्या ढिगाखाली अडकलेल्या होत्या.

"काका, मागची खोली रिकामी करावी लागेल."

"कोणती?"

"मागची. आपल्याला मागची खोली एकच आहे."

"ते रिकामी कशी होईन बाबू? भरलेली हाय ते."

मी निवड त्यांच्यावरच सोपवली. ते सकाळपासून पुडे उघडत, वाचत, पुन्हा बांधत आणि इकडचे तिकडे ठेवत. टाकायच्या ढिगात एक फुटका रोलर आला, तोही संध्याकाळी परत जागेवर गेला. शेवटी मी चिडून म्हटले, "मास्तरांच्या एकट्या पुस्तकाचे खिळे सोडले तरी अर्धं काम होतं." काकांनी हातातला पुडा खाली ठेवला. "त्याले हात नको लावजो." "मी नुसतं म्हटलं." "मनात आलं म्हणूनच म्हटलं ना?" त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतेच बोलू लागले. मास्तरांचे पुडे पुढच्या फळीवरून नाहीसे झाले, हे माझ्या लक्षातही आले नाही. त्यांनी ते मला दिसू नयेत म्हणून जुन्या सरकारच्या फॉर्मांच्या भिंतीमागे, अगदी आतल्या रांगेत रचले होते. सगळ्या छापखान्यात जिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे अशी ती एकच जागा होती.

त्याच दिवसांत अकोल्याहून निरोप आला. त्यांच्या मुलीचे पहिले बाळंतपण होते आणि तिच्या घरी दुसरे कोणी नव्हते. निघताना काकांनी तडजोड केली. "जुन्या सरकारचे फॉर्म जाऊ दे, बाप्पा. आता नाई येत वाट्टे ते सरकार. पण मी अकोल्याहून आलो का माया हातानं काढून देतो. तवापर्यंत कोणी तिकडं जाऊ नका." मी बरं म्हटले.

मी थांबलो नाही. नागपूरचा मशीनवाला जोडणीचा माणूस पाठवतो म्हणाला आणि फाउंड्रीचे पत्र आले की शिसे लगेच पाठवा. काका फॉर्म जाऊ दे म्हणालेच आहेत, आता त्यांच्या हाताचीच काय गरज, असे मनाशी ठरवून मी हमाल लावले आणि भिंत काढली. पुढची रांग, मधली रांग, आतली रांग. सगळे पुडे दिसायला सारखेच. एक पुडा हमालाच्या हातून निसटून फाटला. वरच्या प्रुफावर मला 'नवरीची पट्टी' असे शब्द दिसले. आमचा प्रत्येक पुडा कुठल्यातरी जुन्या प्रुफात गुंडाळलेला असायचा, तसाच हाही असेल म्हणून मी दोरा सोडून आत पाहिले नाही. पेट्या ठोकून बंद केल्या, बैलगाडीने पेट्या बडनेऱ्याला रेल्वेच्या मालधक्क्यावर गेल्या, माल सोडवायची पावती म्हणजे बिल्टी माझ्या खिशात आली. इथपर्यंत मी निष्काळजी होतो, खोटा नव्हतो.

काका परतले ते बर्फीचा पुडा घेऊन. नात झाली होती. दारातूनच ओरडले, "लक्ष्मी आली रे, तोंडं गोड करा!" सर्वांना बर्फी वाटत वाटत ते मागच्या खोलीत गेले. मी बाहेर टेबलाशी बसलो होतो. ते बाहेर आले, हातात बर्फीचा पुडा तसाच.

"बाबू, भिंत कुठं गेली?"

"पाठवली बडनेऱ्याला. तुम्हीच म्हणाला होतात फॉर्म जाऊ दे."

"मांगची पण?"

"मागची म्हणजे?"

"तिच्या मांगं मास्तर होते."

मला समजायला एक क्षण लागला. फाटलेल्या पुड्यावरचे ते शब्द डोळ्यांसमोर आले. काका टेबलाची कड धरून उभे होते. त्यांनी विचारले, "गाडी गेली का?"

गाडी गेली नव्हती. त्याच सकाळी मालधक्क्याच्या कारकुनाने कळवले होते की वॅगन शनिवारशिवाय मिळणार नाही. पेट्या बडनेऱ्याला उघड्यावर पडल्या होत्या. बिल्टी माझ्या खिशात होती. टांग्याने जाऊन बैलगाडी लावली असती तर संध्याकाळच्या आत त्या परत आल्या असत्या. पुडे होते तसेच, बांधलेले, गुंडाळलेले.

मी म्हटले, "गेली."

का म्हटले याचा विचार मी आजवर करतो आहे. पेट्या परत आणायच्या म्हणजे सगळ्या नोकरांसमोर एकेक फोडायची, मालक झाल्यावरचे माझे पहिलेच काम चुकले हे खाटेवरच्या बाबांच्या कानावर जायचे, शिशाचे वजन कमी भरायचे, मशीन लांबायचे. हे सगळे एका क्षणात माझ्या मनात आले. आणखीही एक गोष्ट आली, ती लिहायला सर्वांत जड जाते. मला वाटले, ते पुस्तक तसेही कधी पुरे होणार नाही.

काका बर्फी टेबलावर ठेवून बाहेर गेले. त्या दिवशी ते परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा धोतर धुळीने भरलेले होते. येऊन आपल्या जागी बसले आणि हातातले काम जुळवू लागले. शनिवारी वॅगन लागली. मुंबईला त्या पेट्यांतले शिसे वितळले आणि त्याच्या बदल्यात आलेले चकचकीत नवे खिळे मी माझ्या हाताने खणांत भरले.

उन्हाळ्यात मास्तर आले. चेहरा उजळलेला. "झालं, किसनराव! शेवटचं गाव झालं. आता लावा मशीनवर." त्यांनाही काकांचे खरे नाव येत होते हे मला त्या दिवशी कळले. काका उठून त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, "मास्तर, पुस्तक गेलं. मी लपवून ठेवलं होतं, ते भंगारात गेलं. माया हातानं झालं." मास्तरांना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी समोरचे प्रूफ तपासत होतो. माझी मान वर झाली नाही.

"लपवून? कोणापासून?"

"असंच. सवय हाय मले."

मास्तर बाकावर बसले. हातातल्या नव्या कागदांची घडी घालत आणि उलगडत राहिले. "ज्याईनं सांगितलं ते मेले हो सारे," ते म्हणाले. "आता मी कोणाले विचारू?" मग एकदम उठून काकांच्या अंगावर धावून गेले. त्यांनी मारले नाही. वर केलेला हात तसाच खाली घेतला आणि 'चोट्टा' एवढा एकच शब्द बोलून ते निघून गेले. शेवटच्या गावाचे कागद बाकावर राहिले होते. काका ते घेऊन त्यांच्यामागे रस्त्यावर धावले. मास्तरांनी घेतले नाहीत.

बाबांनी मला विचारले, "काय झालं रे ते?" मी म्हटले, "काकांनी माल भिंतीमागे लपवून ठेवला होता." वाक्य खरे होते. एवढ्या वाक्यावर लोकांनी बाकीचे रचले. शिसे महाग होते. लपवले म्हणजे विकायलाच लपवले असणार. चहाच्या टपरीवर ते बोलले गेले, दुसऱ्या छापखान्यांत गेले. मी कोणाला ते सांगितले नाही आणि कोणाला अडवलेही नाही. पावसाळ्याच्या आधी काका म्हणाले, "पोरगी बोलावून राहिली. जातो अकोल्याले." जाताना त्यांनी आपले काहीच नेले नाही. जिन्याखालच्या त्यांच्या वस्तू मीच पुढे एका दिवशी हातगाडीवर भरून बाहेर टाकल्या.

महाराष्ट्र होऊन काही वर्षे झाल्यावर कामानिमित्त अकोल्याला गेलो होतो. ते एका लहान छापखान्यात पत्रिका जुळवतात असे कळले होते. गेलो. तिथला तरुण मालक त्यांच्यावर खूश होता. "हे काका म्हणजे सोनं. छापून झालं का सोडलं. एक ओळ उभी ठेवत नाहीत. फळ्या पाहा कशा मोकळ्या." काका मला पाहून उठले, "काय बाबू, बाबा कसे हायेत?" म्हणाले. बाबा जाऊन वर्ष झाले होते. ते हळहळले. मग आम्ही बाहेर पायरीवर बसलो आणि मी धीर करून सांगितले की त्या दिवशी गाडी गेली नव्हती.

"मले माहीत हाय," ते म्हणाले. "मी गेलो होतो ना बडनेऱ्याले."

"कशाला?" मी विचारले.

"म्हटलं एकडाव डोयानं पाहून येऊ. पेट्या धक्क्यावरच होत्या. तिथला कारकून म्हणे बिल्टी आणा, मंग हात लावा. बिल्टी तुयाजवळ."

"मग मला येऊन का नाही मागितली?"

"मालक म्हणते गेली, आन मी म्हणू का नाई गेली?" ते तंबाखू मळत होते. "मले वाटलं, तू येशीन. म्हटलं पोरगं हाय, घाबरलं असन. घरी जाईन, जेवण जाणार नाई, मंग येईन धावत. रातभर पेट्याजवळ बसलो. टांगा वाजला का उठून पाहो."

मी विचारले, "मास्तरांना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? एका माणसाचा राग करता करता थकलं ते म्हातारं. त्याले आखीन एक कायले द्या?"

मी म्हणालो, "मी जाऊन सांगतो मास्तरांना. याच आठवड्यात जातो." काका म्हणाले, "जाय. मले सांगू नको पण काय म्हणे ते." आत मालकाने हाक मारली. ते उठले, दारात वळून म्हणाले, "जपून जाय," आणि आत गेले. ती आमची शेवटची भेट.

त्या आठवड्यात मी गेलो नाही. निवडणुकीची छपाई होती, मग लग्नसराई, मग दिवाळी अंक. कारणे मिळत गेली. पुढे अकोल्याहून काकांच्या मुलीचे कार्ड आले, काका गेले म्हणून. ते हातात धरून मी त्याच दिवशी मास्तरांच्या गावाची एसटी धरली. घर सापडले. ओसरीवर मास्तरांचा मुलगा धान्य निवडत बसला होता. मास्तर आधीच्या महिन्यात गेले होते.

मी छापखान्याचे नाव सांगितले तसा तो सावरून बसला. म्हणाला, "बाबा लई आठवण काढत त्या पुस्तकाची. घडीघडी पुन्हा लिवाले बसत, अन आठवत नाई म्हणून रडत. त्या तुमच्या म्हाताऱ्या जुळाऱ्याच्या नावानं मरेपर्यंत बोटं मोडली त्याईनं." मग त्याने विचारले, "तुमी तं मालक होते. खरंच चोर होता का तो?"

हा प्रश्न मला आयुष्यात एकदाच, इतका सरळ विचारला गेला. ओसरीवर आम्ही दोघेच होतो. ज्यांच्या मनाला लागेल असे सगळे मेलेले होते.

मी म्हटले, "माणूस तसा वाईट नव्हता."

त्याने मान हलवली. "तुमी चांगले आहा म्हणून असं म्हणता," तो म्हणाला. "नाई तं नोकराले कोण पाठीशी घालते?" त्याने आत आवाज देऊन माझ्यासाठी चहा सांगितला. मी तो घेतला, त्याचा निरोप घेतला आणि मिळाली त्या एसटीने अमरावतीला परत आलो.